दोन बोटांमधली जागा

मधलं बोट आणि अनामिका, उजव्या हाताची,
वरच्या पेरापर्यंत एकाच कातडीत.
देवगडच्या दवाखान्यातल्या नर्सनं
हात पटकन दुपट्यात लपवला,
आईनं तो तितक्याच पटकन बाहेर काढला.

"सुनेन गिराण पाळूक नाय," आई म्हणाली.
"त्या दिवशी विळयेर बसलेली, बांगडे कापूक."
सुगंधा भिंतीकडे तोंड करून पडलेली.
टाके ओले, दूध अजून उतरलं नव्हतं.

मी बारावीला जीवशास्त्र शिकवते.
मी बोलायला हवं होतं.

काय सांगू, आये?
की सहाव्या आठवड्यात सगळ्यांचेच हात
वल्ह्याच्या पात्यासारखे असतात, चपटे, अखंड?
की बोटं नुसती उगवून भागत नाही,
मधलं मरावं लागतं?
की प्रत्येक पेशीत सायटोक्रोम सी असतो,
जन्मभर चुलीपाशी राबणारा,
इलेक्ट्रॉनची हातोहात ने-आण करणारा,
आणि तो एक दिवस उंबरठ्याबाहेर दिसला
की सगळ्या वाडीला कळतं.
अपाफ नावाच्या सात जणी एकमेकींना बिलगतात,
सात आऱ्यांचं चाक होतं,
चाकाच्या तुंब्यावर नववा कास्पेज येऊन बसतो,
तो तिसऱ्याला उठवतो,
तिसरा हत्यार उचलतो.

हे चाक मी दर वर्षी फळ्यावर काढते.
मुलं त्याला कमळ म्हणतात.
पेपरात दोन मार्कांना येतं.

दहाव्या दिवशी आईला तारामुंबरीला नेलं.
बाबल मेस्त बाबांची होडी सोडवत होता.
'मोडतोस' म्हटलं तर रागावतो.
पटाशी ठरल्या सांध्यावरच,
दुसरीकडे टवकासुद्धा नाही
(कास्पेजही असाच, अस्पार्टेट दिसल्याशिवाय हात लावत नाही).
आधी फटींतला काथ्या, मग फळ्या, मग वाक.
खिळे ठोकून सरळ केले, डालड्याच्या डब्यात टाकले.
नाळ शेवटी.
आमच्याकडे होडीच्या तोंडालाही नाळच म्हणतात.
वाळूत एक ढलपी उरली नाही.
संध्याकाळी फळ्या न्यायला माणसं आपणहून आली,
जणू होडीनंच आतली बाजू बाहेर करून
हाक दिली होती: न्या.

पलीकडे खडकावर फुटलेली, वादळातली.
तिचे तुकडे तीन वर्षं पायांत भरतात,
पाय सुजतात, पू धरतात.

"ही मेली," मी म्हटलं. "ती मारली गेली."
आई फळ्यांकडे बघत होती.
"आणि तुझो बापूस?"

बाबांच्या घशातली एक पेशी.
निरोप तिलाही गेला असणार, अनेकदा.
तिनं आतून कडी घातली.
मरेना. मरेनाच.
सत्तर किलोचा तांडेल
अडतिसावर आणला तिनं.

मी वाळूत चाक काढायला बसले, आरे मोजत.
पाचवा काढेस्तोवर
भरतीनं पहिले दोन नेले.

घरी येऊन अखेर बोलले, सुगंधाच्या खोलीत, मोठ्यानं:
इथं कुणीतरी फक्त मरायला विसरलंय.
एक पातळ पडदा.
कोल्हापूरचे डॉक्टर दीड वर्षानं सोडवतील.
गिराण नाही, विळी नाही,
बांगडे तर नाहीतच.

आई काही बोलली नाही.
उशाशी बसली, बाळाची मूठ उलगडली,
हात खिडकीच्या उजेडाकडे धरला.
पडद्यात एक बारीक लाल शीर,
जिवंत,
जिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

"रवांदे," म्हणाली, "रवांदे जरा."
आणि सुनेसाठी पेज आणायला उठली.