सात विटांचा खुलासा

"सदर कामात पाडलेल्या भिंतीच्या
सात विटा कमी भरल्या. खुलासा करावा."
एवढंच पत्र. खाली आपली वळणदार सही.

तर साहेब, खुलासा असा.

पोईसर गावठाणामागे ती भिंत होती,
नऊ फूट, वर काचा खोवलेल्या.
पलीकडे काय आहे,
हे मी रस्त्यावर भेटेल त्याला विचारत सुटले.
बहुतेक म्हणाले, नाला.
रिक्षावाला म्हणाला, वास.
फिलोमिना परेरा कोथिंबिरीची जुडी घेऊन चालली होती,
ती काहीच म्हणाली नाही.
चल, म्हणाली.

विजेच्या खांबाआड
भिंतीत सात विटांएवढं भोक,
समोर प्लास्टिकची खुर्ची, एक पाय सुतळीने बांधलेला.
बसलं की डोळे नेमके भोकाशी.
आत काळं पाणी, थर्माकोल,
आणि थर्माकोलवर उभी एक ढोकरी,
कुणाची तरी वाट बघावी तशी.
पलीकडे उंबर. मुळं पाण्यात सोडलेली.

विटा कोणी काढल्या?
जो तो सांगे, मी आलो तेव्हा होतंच.

आता मंजूर नकाशा आठवा.
त्यात इथे फायबरचे दोन हंस होते,
आणि रात्री निळा होणारा माड.
हंसांची तोंडं रस्त्याकडे.
मी नकाशा गुंडाळला आणि खुर्चीची उंची मोजली.
साडेपंधरा इंच.
सगळा कठडा त्याच मापाने बांधला आहे,
वाटल्यास टेप लावून बघावा.

चाळीस फूट भिंत उतरवली. पायऱ्या अकरा.
सहाव्या पायरीला उंबराचं मूळ आडवं आलं,
म्हणून पायरी वळली.
त्या वळणाचे जादा पैसे मी मागितलेले नाहीत.

बैठकीत आपणच विचारलं होतंत,
"इथे रिकामं का?"
म्हटलं, तिथून बघायचं.
"काय?"
जे असेल ते.
इतिवृत्तात लिहिलं गेलं,
'तपशील नंतर सादर करण्यात येईल.'
तो अजून सादर केलेला नाही.
रोज बदलतो.

पहिले पंधरा दिवस लोक यायचे
आणि भिंत होती त्या रेषेपाशी थांबायचे.
कुत्रीसुद्धा.
मग आठवीतल्या सायमाची चप्पल घरंगळली,
ती मागोमाग उतरली
आणि खालीच बसून राहिली,
एक चप्पल पायात, एक मांडीवर.
तिची आई वरून हाका मारत होती.
मग हाका मारता मारता तीही दोन पायऱ्या खाली आली.

पाणी स्वच्छ झालं का? नाही.
वास उलट वाढला, मध्ये भिंत नाही ना.
वॉर्डात एकशे चार तक्रारी आल्या.
आदल्या वर्षी एकही नव्हती.
मोजता येईल अशी प्रगती
माझ्या कामात एवढीच.
पण आपण त्या तक्रारी वाचल्यात का, साहेब?
कोणी रात्री सोडलेल्या टँकरचा नंबर लिहिलाय,
कोणी ढोकरी दिसत नाही म्हणून विचारलंय.
आणि एकतीस जणांनी
'नाल्या'वर काट मारून
वर 'नदी' लिहिलंय. एकाने ऱ्हस्व दि काढलाय.
चालेल.

आता विटा.
तीन फिलोमिनाच्या ओट्यावर, तुळशीच्या कुंडीखाली.
हो, तुळशीच्या. खोकल्याला लागते, म्हणते.
दोन गावठाणातल्या क्रूसापाशी,
त्यांच्या आडोशाला मेणबत्त्या विझत नाहीत.
एक तिच्या मागच्या दाराला अडसर.
तुला कशा मिळाल्या, हे मी विचारलं नाही.
तिनेही सांगितलं नाही.
जुडी निवडत राहिली.

सातवी मला दिली.
ती या क्षणी आपल्या पत्रावर ठेवली आहे,
इथे पंखा फार जोरात आहे.
किंमत माझ्या बिलातून वळती करावी.

कळावे.