खोली बघायला आलेल्या बँकेच्या साहेबांना

या. चपला राहू द्यात, फरशी गार हाय.
ही खोली. दोन खिडक्या.
एकीतनं काजूची झाडं दिसत्यात,
दुसरीतनं मास्तरांच्या म्हशीचं तोंड.
भाडं अठराशे. लाइट बिल येगळं.

हसलात?
पुण्याकडनं आलेलं माणूस हितं हसतंयच.
माझी रोझलीन हिंजवडीत असती,
एवढ्या पैशात तिला गाडी लावायला जागा मिळत्या म्हणं.
नुसती गाडी.
गाडीला झोप लागत असंल तिथं. तिला लागत न्हाई.

मला फिलू म्हणा. फिलोमिनाबाई म्हणलं की
बार्देस्करांच्या दारात पोस्टमन आल्यासारखं वाटतंय.

स्वस्त हाय, मी कुठं न्हाई म्हणतो?
दूध समोर. धार काढताना भांडं धरलं की फेसासकट.
घनसाळ तांदूळ घरचा, शिजत घातला
की वास आधी रस्त्यावर जातो
आणि कुणाला तरी घेऊन परत येतो.
पावट्याच्या दिवसांत भाजी कोण विकत न्हाई,
दाराच्या कडीला पिशवी अडकवून जात्यात.
कुणी अडकवली ते
पिशवीवरच्या साडीच्या दुकानावरनं वळखायचं.

पण सगळं आत्ताच सांगतो, मागनं बोल नको.
पाणी एक दिवसाआड. सातला म्हणत्यात,
तेचा तोबी साडेसातला येतो.
रेंज त्या पायरीवर. खालची न्हवं, तिसरी.
पावसाळ्यात तिथंबी न्हाई, मग चर्चच्या दारात उभं ऱ्हायचं.
लोकांना वाटतंय माणूस लई देवभोळा झाला.
फणस पिकला की एखादा हत्ती येतो.
तेच्याकडनं आमी भाडं घेत न्हाई.
शेवटची एसटी साडेसहाला,
ती चुकली तर आजऱ्याच्या तिकटीला वडाप,
आणि वडाप भरल्याशिवाय हालत न्हाई,
तुमच्या घरात काय का होईना.

दवाखाना?
आजऱ्यात हाय की. ताप, खोकला, पाय मुरगळला.
पास्कूच्या छातीत कळ आली तवा
त्यांनीच सांगितलं, कोल्हापूरला न्या.
उत्तूरपर्यंत बोलत होता माझ्याशी,
मिरचीला पाणी दिलं का म्हणून.
मी दिलं म्हणाले.
दिलं नव्हतं.
गाडी शेजारच्यांची. पेट्रोलचे पैसे
त्यांनी आजवर घेतले न्हाईत.
बगा, हितं तेबी स्वस्त.

बसा की. पंख्याचं बटण उलटं हाय, वर केलं की बंद.
कितीजण तुमी?
बायको. आणि मुलगी.
कितवीत म्हणालात?

तिसरीत.

थांबा जरा.
आमच्या शाळेत अठरा पोरं हायत.
मागल्या वर्षी लोहारांची दोन इचलकरंजीला गेली, बापाला काम लागलं.
तवापासनं वरनं कागदावर कागद,
पट कमी, पट कमी.
बाई हजेरी दोनदा घेत्यात,
चुकून एखादं जास्ती भरलं तर, म्हणून.
अर्जुनवाडकरांची धाकटी पुढल्या जूनला पहिलीत येईल,
ते धरून एकोणीस.

साहेब, आणा तिला.
पंधराशे द्या.
बाराशे द्या.
काजू सोलायला शिकवतो, हात काळं न होता.
पायरीवरची तिसरी जागा तिची,
मी माझे फोन दुपारी करीन.

विचार करतो म्हणताय. करा.
आधीचे साहेबबी विचार करत होते,
तिथनं, भिंतीला टेकून,
मग आठवड्याला येऊन जाऊन करू लागले,
खोलीत नुसता त्यांचा टॉवेल ऱ्हायचा.
टॉवेलाचं नाव शाळेत घालता येत न्हाई.

ऐका, नळ खाकरला.
आज लवकर आला बगा, तुमच्या पायगुणानं.
ती घागर तेवढी हिकडं सरकवा.
न्हाई, ती न्हवं,
ती गळती.