गाभ्याची राखण

लोकिचारच्या दक्षिणेला, रस्ता संपून नुसती चाकोरी उरते तिथं
पत्र्याची शेड. आत दोनशे बारा पेट्या.
पेट्यांत दगडाचा गाभा, पोटरीएवढा जाड,
जमिनीची हाडं काढून कुणी ओळीनं निजवावीत तसा.
मी त्यांचा राखणदार, एरेगे.
पगार महिन्याचा, आला तर.

जेबिवोत बाई आल्या तेव्हा कळलं
की इथं तळं होतं.
उत्तरेचं हे हिरवं नव्हे,
त्याच्याही खूप आधीचं, बघायला माणूसच नव्हता तेव्हाचं.
जमीन ताणली गेली,
पश्चिमेला फाटली आणि त्या अंगाला कलली,
भरलेली परात एका हातातून सुटावी तशी.
खोलगट बाजूला पाणी. पाण्यात शेवाळ.
शेवाळ मेलं, तळाशी बसलं, वर गाळ, गाळावर गाळ.
मग पृथ्वीनं ते मंद आचेवर ठेवलं
आणि विसरून गेली.

"तेलाचं तळं नसतं, एरेगे."
बाईंनी वालुकाश्मावर पाण्याचा थेंब सोडला.
दगड तो प्यायला.
"शंभरात अठरा भाग पोकळ. तेल राहतं ते या पोकळीत.
वर चिकणमातीचं झाकण. झाकणाला तडा गेला
की लाखो वर्षांचं मुरलेलं सगळं वाऱ्यावर."
दारात माझी मावशी उभी होती, नावोई.
कोरड्या नदीत हातानं खड्डे खणण्यात तिचा जन्म गेला.
दोन हातांवर पाणी की सहा, वाळूचा रंग बघून सांगते.
ती म्हणाली, "यात नवं काय?"

बाईंच्या डब्याच्या खोलीत थंड हवेचं यंत्र होतं.
तिथं बाटलीतलं तेल गोठायचं, काळ्या मेणासारखं.
दाराबाहेर ठेवलं की हलायला लागायचं.
शेवाळाचं रक्त, बाई म्हणायच्या,
नळातून समुद्रापर्यंत न्यायचं तर वाटभर ऊब द्यावी लागेल.
मावशीला हे लगेच पटलं.
रात्रीच्या प्रवासात करडू असंच न्यावं लागतं, पोटाशी धरून.

फळ्यावर तीन आकडे.
सिद्ध. संभाव्य. शक्य.
सिद्ध सगळ्यात लहान, शक्य सगळ्यात मोठा,
आणि साहेब लोक विमानातून उतरले
की बोलायचे ते शक्यबद्दलच.

मग लांब कुठंतरी भाव पडला.
इथं एक थेंब हलला नाही.
विहिरीच्या तोंडावर लोखंडी झाड होतं तसंच, झडपा आवळलेल्या.
तरी बाईंनी सिद्धचा आकडा पुसून धाकटा लिहिला.
मी विचारलं, "कुणी नेलं?"
"कुणी नाही. साठा म्हणजे खाली आहे ते नव्हे.
खाली आहे त्यातलं, वर आणायला परवडेल ते."
त्या रात्री कंदील घेऊन मी पेट्या मोजल्या.
दोनशे बारा.

पहिल्यांदा गाड्या गेल्या, मग थंड हवेचं यंत्र,
मग बाई. जाताना म्हणाल्या,
पेट्यांचा क्रम बिघडू देऊ नकोस, 
क्रम गेला की ते नुसते दगड.
फळा मला दिला. त्यावर माझी पोरगी पाढे लिहिते.

काल शेळी आत शिरली.
खारट दगड चाटता चाटता एकेचाळीस नंबरची पेटी पाडली.
तुकडे जुळवत बसलो, कडेला कड, भेगेला भेग.
प्रत्येकावर बाण असतो, आकाशाकडची बाजू दाखवणारा.
एका तुकड्यावरचा तिनं चाटून टाकलेला.
हुंगला. तेलाचा वास दोन्ही टोकांना सारखाच.
फिरवून फिरवून शेवटी एका बाजूनं बसवला
आणि शेजारी खडूनं लिहिलं: संभाव्य.

शेळीला मारलं नाही.
गाभण होती.