तेलाची चाळणी

गाडी तिची नाही. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत
कागदोपत्री ती लीड्सच्या एका कंपनीची.
बिघाड मात्र तिचा,
असं कंपनीचं म्हणणं.

मला कंपनीनंच पाठवलंय.
दोनशे दहा पौंड, पेट्रोल वेगळं.
मी इंजिन उघडतो, आत दिसेल ते लिहितो.
खापर कुणाच्या माथी फोडायचं
ते टाय लावलेली माणसं ठरवतात.

मर्थरच्या गॅरेजमागे पाच आठवडे उभी आहे,
चाकांखालचं गवत पिवळं पडलंय.
डेलिथ प्रॉसर गणवेशातच आली,
रात्रपाळी उरकून, दोन बस बदलून.
चावी माझ्या हातावर ठेवत म्हणाली,
"माझ्या वाटणीचं काही सापडलं तर तेही लिहा."
सतरा वर्षांत हे वाक्य
मला कुणी ऐकवलं नव्हतं.

खालचं तेलाचं भांडं उतरवलं.
काळ्या तेलात चंदेरी चमक. म्हणजे बेअरिंग गेलेलं.
आणि पंपाच्या तोंडाशी बसवलेली चाळणी
चोथ्यानं भरलेल्या चहाच्या गाळणीसारखी गच्च.
चोथा पट्ट्याचा.
तेलातच फिरायला घडवलेला पट्टा
तेलातच कणाकणानं झडला.
ही कल्पना ज्याला सुचली
त्याचं नाव या भांडणाच्या कुठल्याच कागदावर नाही.

विक्रेत्याचा फोन आला, मधाळ:
"बायका तेल बघत नाहीत हो, काय करणार."
विकण्याआधी सर्व्हिस केली, पुस्तकात शिक्का आहे.
शिक्का आहे खरा. निळा, जरा तिरका,
आजूबाजूची पानं कोरी करकरीत.
फिल्टर निघेना. साखळी लावून पिळला,
पुसला, बॅटरीच्या उजेडात धरला.
त्यावरची तारीख
गाडी कारखान्यातून निघाली त्याच महिन्याची.
सहा वर्षं. एकसष्ट हजार मैल.
मी तीन फोटो काढले, मग आणखी एक.

इथं थांबता आलं असतं.
पण गाडीच्या मेंदूत हेही नोंदलेलं:
लाल दिवा लागल्यावर ती नऊ मैल धावली.

"वरच्या वस्तीत मिसेस गेथिन पडल्या होत्या,"
डेलिथ म्हणाली. "रात्रभर फरशीवर. फोनला रेंज नाही.
दिवा दिसला होता मला.
मी त्याच्यावर हातमोजा टाकला."

हातमोजा अजून तिथंच आहे, करड्या लोकरीचा,
अंगठ्याला भोक.

फॉर्ममध्ये दोनच चौकोन:
दोष विक्रीच्या वेळी होता. दोष नंतर आला.
नऊ मैलांना चौकोन नाही.
मी असतो तर थांबलो असतो का, यालाही नाही.
पहिल्यात खूण केली, आणि शेरा म्हणून
मागच्या पानावर, बारीक अक्षरात, नऊ मैल लिहिले.
तिनं वाचलं. मान हलवली.
म्हणाली, "बरोबर आहे,"
जसं दुकानात सुटे पैसे मोजून म्हणतात.

आवरताना सवयीनं चावी फिरवली.
इंजिन मुकं. बाकी सगळं मात्र जागं झालं,
घड्याळ, वायपर, सीटची ऊब,
आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत:
पुढची सर्व्हिस सहा हजार मैलांनंतर.

अठ्ठावीस तारखेला दोनशे चौदा पौंड
तिच्या खात्यातून आपोआप जातील.
तो पट्टा काही अजून तुटलेला नाही.

पक्षकाराला गाडीत घ्यायचं नाही, असा नियम आहे.
ती थांब्यावर उभी होती, तो हातमोजा एकाच हातात.
मी वेग कमी केला,
मग पुन्हा वाढवला.
चढाला लागल्यावर रेडिओ बंद केला
आणि बराच वेळ
माझंच इंजिन ऐकत राहिलो.