बिनदुधाची

तीस वर्षं मी दूध आटवलं.
अर्धापूरच्या बसस्टँडमागं, चुलीवर कढई,
कडेची साय खरवडून खरवडून
हाताला घट्टे पडले, तेही दुधाचेच.
लोक म्हणायचे, मठपतीची कुल्फी खावी
आणि वर पाणी पिऊ नये, चव जाते.

आता माझीच लेक
दुधाच्या वासानं दार लावून घेते.

पुण्याहून आली तेव्हा दोन पिशव्या होत्या,
एक कपड्यांची, एक गोळ्यांची.
आतड्याला सूज आहे, डॉक्टर म्हणाले, जुनाट,
जाते, येते, न सांगता येणाऱ्या पाहुणीसारखी.
कलिंदा काही बोलत नाही.
मी अंधारात पडून संडासाची कडी मोजतो:
चार. पाच. पहाटेची सहावी.
सकाळी ती म्हणते, बरी झोप लागली अण्णा.
मी म्हणतो, मलाही.

चैत्र लागला. नांदेड रस्त्याचं डांबर
चपलेला चिकटायला लागलं.
भिंतीकडं बघत ती एवढंच म्हणाली, उगं,
काहीतरी गार खावं वाटतं.

मग मी शिकायला बसलो, या वयात.

आधी जालन्याची मोसंबी.
आंबट निघाली. त्या रात्री कडी आठ वेळा.
पेरूचं नावच नको, बिया.
खरबूज चाललं, पण गोठलं की नुसता रंगीत दगड,
दाताखाली करकर, आणि तिचं तोंड आलेलं.
दूध नसलं की बर्फात माया उतरत नाही
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
दुधाशिवाय मी कधी राहिलोच नव्हतो.

एका दुपारी गंगासागर, तिची आई,
भाताची पेज गाळत होती.
पळीवरून पडताना पेजेची तार बघितली
आणि माझा हात थांबला.
ही तार माझ्या ओळखीची होती.

मळ्यातली केळी आणली, सालीवर काळे ठिपके,
बाजारात कुणी हात लावणार नाही अशी.
निवलेली पेज. पपईची एक फोड, शिरा काढून.
फडक्यातून गाळलं, पुन्हा गाळलं,
गंगासागर म्हणाली, आता फडकंच खाऊ घाला लेकीला.
वेलदोडा नाही, पिस्ता नाही,
साखरेचं तर बोटच लावलं.
जुने साचे तीनदा उकळत्या पाण्यानं धुतले
तरी मला त्यांत दूध दिसायचं.
नवे आणले.
मीठ-बर्फाच्या मटक्यात फिरवत बसलो,
लाईट गेलेली, बोटं बधिर.

काढल्या काढल्या दिली नाही.
ताटलीत ठेवली, कडा सैल होईपर्यंत;
पोटाला दचका बसू नये.
तिनं दोन चमचे खाल्ले. थांबली.
आम्हीही थांबलो, तिघं, पंख्याविना,
जणू आतून कुणी निकाल वाचून दाखवणार आहे.
मग तिसरा चमचा.

त्या रात्री कडी तीनदा वाजली.
बरी झाली असं मी म्हणत नाही;
पाहुणी अजून ओसरीतच आहे.

पण सकाळी ती आपणहून चुलीपाशी आली,
उरलेल्या साच्यातलं चमच्यानं काढलं,
जिभेवर ठेवून डोळे मिटले,
आणि गिऱ्हाइकासारखं नाक मुरडून म्हणाली,
अण्णा, मीठ एक कण पाहिजे होतं.

तीस वर्षांत माझ्या कुल्फीला
कुणी नाव ठेवलं नव्हतं.
मी मिठाचा डबा शोधायला उठलो.
डबा समोरच होता,
दिसेना.