कारणांचा रकाना

जिल्हा कार्यालयाकडून तक्ता आलाय, चार पानी.
‘नववीत गणितात दोन मिळवणारे विद्यार्थी : कारणे.’
आमच्या नारिनकडे पाचपैकी मार्क देतात.
दोन म्हणजे नापास. एक कुणी देत नाही,
एक द्यायला शिक्षकाचं काळीज
नदीतल्या दगडाचं लागतं.

घरातील पुस्तकांची संख्या, असा पहिला रकाना.
मी अयझिरेकच्या घरी जाऊन मोजली.
एक ट्रॅक्टर-दुरुस्तीचं, आजोबांचं, तेलकट.
दुसरा रशियन शब्दकोश, मधूनच सुरू होणारा.
आधीची पानं भट्टी पेटवताना गेली,
गोवऱ्या ओल्या होत्या त्या वर्षी.
मी लिहिलं : दीड.

आईचं शिक्षण : परिचारिका, पदविका, प्रथम श्रेणी.
आईचा व्यवसाय : मॉस्कोत एका बँकेच्या फरश्या पुसते.
नऊ मजले आहेत म्हणे.
या दोन ओळींच्या मध्ये तक्त्यात
फक्त एक बारीक रेघ आहे.

शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना विषय निघतोच.
मुख्याध्यापक म्हणतात, आळस.
कवायतीचे तालांतबेक सर बिस्किट बुडवत म्हणतात,
मोबाईल! मोबाईलनं वाटोळं केलंय या पोरांचं.
मी काही बोलले नाही.
एका परीनं खरंच होतं ते.

कारण गावात सिग्नल मिळतो एकाच जागी,
त्यांच्या गवताच्या गंजीवर, अगदी टोकाला.
मॉस्कोत नऊला पाळी संपते,
तेव्हा आमच्याकडे बारा वाजलेले असतात.
पोरगी धाकट्याला घोंगडीत गुंडाळून वर चढते.
त्याला आवाज ऐकल्याशिवाय झोप नाही,
आणि आईला त्याचा श्वास ऐकल्याशिवाय.
खोकला, गाभण गाय, आजोबांच्या गोळ्या,
सगळं सांगून झालं की आई रोज शेवटी विचारते,
अभ्यास केलास ना?
केला, म्हणते ही.
खाली उतरेपर्यंत एक वाजतो.

सकाळी साडेआठला पहिला तास गणिताचा.
मी फळ्यावर समीकरण मांडते,
ती डोळे उघडे ठेवून झोपते.
ही विद्या आहे, सोपी नव्हे.
भूगोल दुपारी असतो, त्यात तिला पाच.

मॉस्कोचं घड्याळ माझ्या हातात नाही.
वेळापत्रक होतं.
मी गणित चौथ्या तासाला नेलं,
त्यासाठी तालांतबेक सरांची दोन पत्रं, एक भांडण
आणि माझी शनिवारची सुट्टी गेली.
मार्चपर्यंत अयझिरेकला तीन पडले.
फार नव्हे. पण तीन म्हणजे तीन,
तिनं वहीवरचा तो आकडा नखानं चाचपून पाहिला.

आणि बेक्तेन चारावरून दोनावर आला.
तो तिसऱ्या तासानंतर निघून जातो, हे मला
हजेरी सकाळचीच घेत असल्यानं कळलंच नाही.
नदीवरचा बर्फ दुपारी फोडावा लागतो,
जनावरं पाण्याला लागतात,
आणि कुऱ्हाड चालवणारा बाप
याच हिवाळ्यात मॉस्कोला गेला.
एका पोराच्या अंगावर घोंगडी ओढली
ती दुसऱ्याच्या पायावरून सरकली.

कारणांच्या रकान्यात जागा बोटभर.
मी पुष्कळ खाडाखोड करून लिहिलं : तीन तास.
तक्ता परत आला आज, लाल शाईत शेरा,
‘अस्पष्ट. पुन्हा भरावा.’

भरायला बसलेय.
पेन गोठतं, तोंडाची वाफ देते त्याला.
खिडकीतून दिसते ती गंज, तिच्यावर छोटासा उजेड,
फोनचाच असणार. अजून कानाला लावलेला नाही.
बारा वाजून चार मिनिटं.
आज बँकेतला एखादा मजला
जास्त मळला असावा.