आयता

सतरा नंबर माझा.
करारात आहे, डांबरावर आहे, पिवळ्या रंगात.
तरी रात्रपाळी संपवून, केसांत बेकरीचं पीठ घेऊन
तार्तूच्या अंधारात मी सहाला येते
तर तिथे उर्मासची ओपल,
जावयासारखी ऐसपैस.

मग नदीपाशी गाडी लावायची
आणि उणे अठरात चालत यायचं,
मनात चिठ्ठी लिहीत.
पहिलीत ‘कृपया’ होतं.
तिसरीत नव्हतं.
पाचवी वायपरखाली गोठली,
त्यानं ओढली तेव्हा फाटली:
‘ही जागा’ त्याच्या हातात,
‘माझी आहे’ काचेलाच.

परवा जिन्यात भेटला. म्हणाला,
“मारेत, अक्षर सुरेख आहे तुझं.”
एवढंच.

आज तो लवकर गेलाय कुठेतरी.
रात्रभर पडून बर्फ आत्ताच थांबलंय.
सगळ्या गाड्यांची ढेकळं झालीत,
मोकळ्या जागा गुडघाभर बुजल्यात,
आणि सतरा नंबरवर
ओपलच्या मापाचा
काळा, कोरडा, आयता आयत.

फावडं डिकीतच राहिलं.
मी हळूच आत शिरले.
दोन्ही बाजूंना वीतभर उरलंच,
त्याची गाडी रुंद आहे.

सहाव्या चिठ्ठीचा कागद खिशात,
पिठाळलेला.